सोनेरी स्टिकरचं काम

सरांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्याआधीची छत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलं होतं. या पंचेचाळीस वर्षांत "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांनी कोणत्याही मुलासमोर उच्चारले नव्हते. याचा अर्थ त्यांना सगळं माहीत होतं असा नाही. मुलं काहीही विचारतात. सावलीला वजन असतं का, रिकाम्या खोलीत आरसा काय करत असतो, मुंगीला जांभई येते का. अशा वेळी सर "उद्या सांगतो" म्हणत, आणि खरोखरच उद्या सांगत. जांभईच्या प्रश्नासाठी त्यांनी एक अख्खा रविवार साखरेच्या डब्याशेजारी स्टूल टाकून काढला होता. मुंग्यांना एकदाही जांभई आली नाही, सरांना सतरा वेळा आली. पण सोमवारी वर्गात उत्तर हजर होतं.

त्यांचा एक नियम होता. आठ वर्षांच्या मुलाला जी गोष्ट पाच वाक्यांत सांगता येत नाही, ती सांगणाऱ्यालाच कळलेली नसते. ग्रहण पाच वाक्यांत बसतं, पचनसंस्था बसते, वीजसुद्धा थोडं अंग चोरून बसते.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे सरांचं जे झालं ते नव्या संगणकामुळे झालं असं घरातले सगळे म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. ते या नियमामुळे झालं.

जुना संगणक म्हातारा झाला होता. त्याचं बटण दाबून सर आंघोळीला जात, अंग पुसून येत, तरी तो अजून डोळे चोळतच असे. म्हणून सर आणि काकू नवा घ्यायला दुकानात गेले. सरांच्या पत्नीला सगळी इमारत काकू म्हणे, आणि दुकानदारही दुसऱ्या मिनिटाला तेच म्हणायला लागत. तिथल्या विक्रेत्याच्या गळ्यात टाय होता. बोलताना तो टायवरून हात फिरवी.

"सर, हा साधा कॉम्प्युटर नाही. हा झिव्होरा आहे."

"हे कंपनीचं नाव का?"

"नाही सर, कंपनी वेगळी."

"मग मॉडेलचं?"

"मॉडेल पण वेगळं."

"मग झिव्होरा काय आहे?"

"अनुभव आहे, सर."

काकूंनी विचारलं, "यावर नातीचे फोटो दिसतील ना?"

"काकू, फोटो तर दिसतीलच. पण दिवाणखान्यात दिसतील."

"आमचा कॉम्प्युटर दिवाणखान्यातच असतो."

गणित बरोबर सोडवलेल्या पण रीत चुकलेल्या विद्यार्थ्याकडे जसं बघतात, तसं टायवाल्याने काकूंकडे बघितलं आणि तो पुन्हा सरांकडे वळला. गाणी, सिनेमे, फोटो, खेळ, आवाज, सगळं एकाच छत्राखाली, असं त्याने बराच वेळ सांगितलं. छत्री कुठे आहे ते सांगितलं नाही.

खोकं घरी आलं. त्यातून संगणक निघाला, पाच स्पीकर निघाले, मोठं सोनेरी बटण असलेला एक रिमोट निघाला आणि एक पातळ पुस्तिका निघाली. पुस्तिकेत एकही वाक्य नव्हतं, नुसती चित्रं. चित्रातला माणूस आधी उदास होता, शेवटच्या पानावर सोफ्यावर हसत बसला होता. मधल्या पानांवर त्याने नेमकं काय केलं ते बाणांनी दाखवलं होतं, पण बाण एकमेकांत इतके गुंतले होते की जावईसुद्धा हरला.

सगळ्यात शेवटी एक छोटं पाकीट निघालं. आत सोनेरी, चकचकीत, जाड स्टिकर. त्यावर नुसतं "झिव्होरा". पाकिटावर सूचना होती: आपल्या यंत्राच्या दर्शनी भागावर अभिमानाने लावा.

सर सूचना पाळणारे. त्यांनी चष्मा पुसला आणि यंत्राचा दर्शनी भाग तपासायला घेतला. वर बटणं होती, मध्ये भोकं होती, डावीकडे बारके दिवे होते. उजवीकडे खाली मात्र एक काळा, गुळगुळीत, लांबट चौकोन होता. तिथे ना बटण, ना भोक, ना दिवा. सरांनी फुटपट्टी आणली. चौकोन सव्वातीन सेंटिमीटर, स्टिकर साडेतीन.

"बघ," ते काकूंना म्हणाले, "जागाच ठेवली आहे. उगाच का कोणी एवढी रिकामी जागा सोडेल?"

त्यांनी पेन्सिलने बारीक खुणा केल्या, श्वास रोखून स्टिकर टेकवला, आणि जुन्या पोस्टकार्डाने मधून कडेकडे हवा काढत नेली. एक बुडबुडा राहिला नाही. छत्तीस वर्षं फळ्यावर हाताने वर्तुळ काढलेला माणूस, त्याचा स्टिकर वाकडा जाणार कसा? काकूंनी तोवर रिमोट एका पारदर्शक पिशवीत घालून वर रबरबँड लावलं होतं. नवी वस्तू काही वर्षं तरी जुनी होऊ द्यायची नाही, हे त्या घरातलं काकूंचं खातं.

पहिल्या रविवारी नात आली. मुलगी-जावई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, आणि नात दर रविवारी अकराच्या ठोक्याला आजोबांकडे. आठ वर्षांची. सर तिला लाडाने प्रश्नपत्रिका म्हणत. तिला शाळेत उपक्रम दिला होता: घरातल्या दहा वस्तूंची नावं, त्या कशापासून बनल्या आणि त्यांचं काम काय. पंखा, नळ, कात्री, आरसा, अशा नऊ झाल्या होत्या. दहावी वस्तू शोधत ती घरभर फिरली आणि संगणकासमोर थांबली.

"आजोबा, हे काय आहे?"

"स्टिकर."

तिने लिहिलं. "नाव, झिव्होरा स्टिकर. कशापासून बनला, चकचकीत कागदापासून. आणि काम?"

सरांनी तोंड उघडलं. पाच वाक्यांतलं पहिलं वाक्य नेहमी आपोआप येई. ते आलं नाही.

"पुढच्या रविवारी सांगतो," सर म्हणाले.

"चालेल. वही द्यायला तीन आठवडे आहेत." आणि तिने कामाच्या रकान्यात पेन्सिलने एक रिकामा चौकोन काढून ठेवला. सरांना तो चौकोन पुढचे एकवीस दिवस जिथे तिथे दिसत राहिला. खिडकीत दिसला, ताटात दिसला, दाढी करताना आरशातही दिसला.

सोमवारी सकाळी त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बासरी वाजली. मग एक दाबा, मग तीन दाबा, मग पुन्हा बासरी. शेवटी एक गोड आवाजाची बाई आली.

"मी आपली काय मदत करू शकते?"

"झिव्होरा म्हणजे काय, एवढंच विचारायचं होतं."

"आपल्या झिव्होरामध्ये काय प्रॉब्लेम आहे, सर?"

"प्रॉब्लेम नाही. ते काय आहे, ते विचारतोय."

"प्रॉब्लेम नसेल तर मला तक्रार नोंदवता येत नाही, सर."

"मग प्रॉब्लेम आहे असं धरा."

"काय प्रॉब्लेम आहे, सर?"

"ते काय आहे हे कळत नाही."

"हा प्रॉब्लेम माझ्या यादीत नाही, सर."

सरांनी फोन कानापासून थोडा लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. काही विद्यार्थी असेच असत. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो, प्रश्न फिरवून विचारायचा असतो. तसा विचारल्यावर बाई म्हणाली की रिमोटवरचं मोठं सोनेरी बटण दाबा. त्याने दिवाणखाना मोड सुरू होईल. तो सुरू झाला की पाचही स्पीकर जागे होतात आणि एक ओळख करून देणारी फिल्म आपोआप लागते. "झिव्होरा म्हणजे काय, ते त्यात अगदी सोप्या भाषेत सांगितलंय, सर."

एवढंच तर हवं होतं. सरांनी बटण दाबलं. काही झालं नाही. जोरात दाबलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. उभं राहून, बसून, गुडघे टेकून दाबलं. मग त्यांची नजर पारदर्शक पिशवीवर गेली.

"ही पिशवी काढायला हवी."

"काही नको," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जुन्या टीव्हीच्या रिमोटला अकरा वर्षं पिशवी आहे. तो चालतो."

"तो अनुभव नव्हता. तो टीव्ही होता."

दोन दिवस घरात पिशवीवरून अबोला राहिला. शेवटी सरांनी ती काढली, काकूंनी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि बटण दाबल्यावर काही झालं नाही तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून पिशवी काढून रिमोटवर पुन्हा चढवली आणि रबरबँड दोनदा फिरवलं. सरांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

बाईला पुन्हा फोन. बासरी, एक, तीन, बासरी. या वेळी बाई दुसरी होती, पण आवाज तोच. तिने सांगितलं की रिमोट चालत नसेल तर तंत्रज्ञ पाठवू. त्याआधी यंत्राची नोंदणी हवी. नोंदणीला सोळा आकडी क्रमांक हवा. तो कुठे असतो? स्टिकरच्या मागच्या, सोलून काढायच्या कागदावर.

दुसरा कोणी असता तर त्याने तो कागद कधीच कचऱ्यात टाकला असता आणि विषय तिथेच संपला असता. सर कागद टाकत नसत. एका बाजूने गुळगुळीत, एका बाजूने बारीक छपाई सोडली तर कोरा, खुणेला छान, म्हणून तो त्यांनी वाचत असलेल्या पुस्तकात घातला होता. पुस्तक होतं खोल समुद्रातल्या माशांवरचं, आणि ते शनिवारी त्यांनी ग्रंथालयात परत केलं होतं.

ग्रंथालयातल्या कारकुनाने रजिस्टर बघितलं. "पुस्तक बाहेर गेलंय."

"कोणाकडे?"

"वाचकाचं नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"मला पुस्तक नको. त्यातला कागद हवा."

"मग हा अर्ज भरा. हरवलेल्या वस्तूचा."

सरांनी अर्ज भरला. वस्तूचं वर्णन या रकान्यात त्यांनी लिहिलं, "स्टिकर निघून गेल्यावर उरलेला कागद." कारकुनाने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे स्टिकर हरवला नाही."

"नाही. तो घरी आहे."

"स्टिकर आहे, आणि स्टिकर नसलेला कागद हरवलाय." कारकुनाने पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही माझ्या भावाला शिकवलंय, म्हणून आदराने विचारतो. घरी सगळं ठीक आहे ना?"

सर मान खाली घालून परतले. इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरचे टेलिफोनसाहेब भेटले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जगातल्या कोणत्याही बिघाडाचं कारण अर्थिंग नीट नसणं हे आहे, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते कोणालाही घरपोच देत. त्यांच्या काखेत समुद्रातल्या माशांचं पुस्तक होतं.

"साहेब, यातला खुणेचा कागद..."

"हा? फार सोयीचा आहे. मी त्यावर रोजचं ब्लडप्रेशर लिहितो."

सरांनी कागद उजेडात धरला. छापलेल्या सोळा आकड्यांवर आणि त्यांच्या अधेमधे निळ्या शाईत चार दिवसांचं ब्लडप्रेशर पसरलं होतं. कुठला आकडा कंपनीचा आणि कुठला साहेबांच्या रक्तवाहिन्यांचा, हे ओळखणं खुद्द साहेबांनाही जमेना.

"हा एकशे चाळीस माझा असणार," ते म्हणाले. "त्या दिवशी पाणी आलं नव्हतं."

नोंदणीच्या संकेतस्थळावर तीनदा चुकीचा क्रमांक टाकला की दार चोवीस तासांसाठी बंद होई. सर रोज तीन प्रयत्न करत. रोज सकाळी साहेब वर येऊन एखादा आकडा आठवून सांगत, आणि रोज तो त्यांचाच निघे. यात दुसरा रविवार गेला आणि तिसरा आला. नातीने वही उघडली. चौकोन रिकामा होता.

"सापडलं का, आजोबा?"

"जवळ आलोय," सर म्हणाले. हे त्यांनी याआधी कधी म्हटलं नव्हतं. हे वाक्य मुलं म्हणतात, गृहपाठ झाला नसला की.

मंगळवारी नोंदणी झाली. शेवटून चौथा आकडा सात नसून एक होता. कंपनीचं अभिनंदनाचं पत्र लगेच संगणकावर आलं. सरांनी ते छापून घेतलं आणि लाल पेन घेऊन टेबलापाशी बसले. पत्रात लिहिलं होतं: "झिव्होरा हे तुमच्या झिव्होरा-सक्षम उपकरणांना झिव्होरा-अनुभवाशी जोडणारे झिव्होरा-व्यासपीठ आहे."

आधी त्यांनी सगळे झिव्होरा खोडले, कारण जे सांगायचं तेच पुन्हा वापरून सांगितलं तर अर्धा मार्क कापायचा, हा जुना शिरस्ता. मग आठ वर्षांच्या मुलाला कळणार नाहीत ते शब्द खोडले. सक्षम गेला. उपकरणांना गेला. अनुभवाशी, जोडणारे, व्यासपीठ, सगळे गेले. कागदावर उरलं: "हे तुमच्या आहे."

सर त्या तीन शब्दांकडे बराच वेळ बघत बसले. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला, त्याच्यावर साय आली.

"अहो, सोडा ना," काकू म्हणाल्या. "पोरीला सांगा, शोभेचा आहे."

"शोभेचा असता तर क्रमांक कशाला दिला असता?"

"तुम्हाला नाही का हजेरीपटात क्रमांक होता?"

सरांनी साय बाजूला करून निवलेला चहा पिऊन टाकला.

गुरुवारी तंत्रज्ञ आला. पाठीवर बॅग, कमरेला चाव्यांसारखी खुळखुळणारी हत्यारं. त्याने संगणक मागून बघितला, बाजूने बघितला, वरून थोपटला. मग समोर येऊन खाली वाकला आणि कौतुकाने मान हलवली.

"वा, स्टिकर काय सरळ लावलाय. लोक वाकडातिकडा लावतात."

तीन आठवड्यांत सरांना मिळालेला हा पहिला चांगला शेरा. त्यांचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले.

रिमोट तंत्रज्ञाच्या मते उत्तम होता. संगणक उत्तम होता. चूक खोलीची होती. दिवाणखाना मोडला दिवाणखाना लागतो, आणि ही खोली त्याला दिवाणखान्यासारखी वाटत नव्हती. सोफा मधोमध पाहिजे, पाच स्पीकर पाच दिशांना पाहिजेत, कपाट तिथे नको. त्याने, सरांनी आणि टेलिफोनसाहेबांनी मिळून कपाट बाहेरच्या बोळात काढलं. सोफा मधोमध आला, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार अर्धंच उघडू लागलं आणि काकूंना आडवं होऊन आतबाहेर करावं लागलं. एक स्पीकर पुस्तकांच्या फळीवर बसला, एक झाडाच्या कुंडीत, एक शिवणयंत्रावर, एक चपलांच्या कपाटावर, आणि पाचवा, सगळ्यात जाडा, सोफ्याखाली. बटण दाबलं. काही झालं नाही.

"भिंती जाड आहेत," तंत्रज्ञ म्हणाला. "इथे सही करा."

सरांनी सही केली. कागदावर लिहिलं होतं: "तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले."

तो गेल्यावर टेलिफोनसाहेबांनी सूत्रं हातात घेतली. "आवाज मध्ये कुठेतरी अडकलाय. त्याला मागून रेटा द्यावा लागतो. आमच्या खात्यात आम्ही हेच करायचो." आणि त्यांनी पाचही स्पीकरांची बटणं शेवटच्या टोकापर्यंत फिरवली. तरी चिडीचूप. "मग अर्थिंगच," ते समाधानाने म्हणाले आणि ब्लडप्रेशर मोजायला खाली गेले.

शुक्रवार गेला. शनिवारी सरांनी सात वेळा मदत केंद्राला फोन केला. बासरी आता त्यांना पाठ झाली होती, आणि दाढी करताना ते ती नकळत गुणगुणत. काकूंनी ती ऐकली आणि मुलीला फोन करून हळूच सांगितलं की बाबांकडे जरा लक्ष दे.

चौथा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. अकराला नात आली, कपाटाला वळसा घालून, सोफ्यावरून चढून आत उतरली, आणि वही उघडून पेन्सिल धरून बसली. चांगला विद्यार्थी वाट बघतो.

सर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. स्वयंपाकघरातून काकू आडव्या होऊन आल्या आणि सोफ्यावर टेकल्या. त्यांनाही कळलं होतं की काय चाललंय.

"बाळा," सर म्हणाले, "मी दुकानात विचारलं. कंपनीला विचारलं. ग्रंथालयात गेलो. माणूस आला, त्याला विचारलं." ते थांबले. पंचेचाळीस वर्षं एकदाही न वापरलेली वस्तू माळ्यावरून काढावी तसे ते दोन शब्द त्यांनी काढले. "माहीत नाही."

छत कोसळलं नाही. नातीने त्यांच्याकडे बघितलं, डोकं जरा वाकडं केलं.

"बरं," ती म्हणाली. "मग मी तो काढून वहीतच चिकटवते. शाळेतल्या बाई बघतील आणि सांगतील."

सरांना नको म्हणायचं होतं. बिनबुडबुड्याचा तो स्टिकर, ते पोस्टकार्ड, त्या पेन्सिलच्या खुणा. पण ज्याला उत्तर माहीत नाही त्याने मनाई कोणत्या तोंडाने करायची? नातीने कोपऱ्यात नख घातलं आणि सर्रकन स्टिकर सोलला. खाली तो काळा चौकोन चमकला.

"चहा ठेवते," काकू म्हणाल्या, आणि उठण्यासाठी त्यांनी सोफ्यावर हात टेकला. सोफ्यावर रिमोट होता. हात नेमका मोठ्या सोनेरी बटणावर पडला, पिशवीसकट.

आधी यंत्रावरचे सगळे दिवे एकदम लागले. मग पुस्तकांची फळी, कुंडी, शिवणयंत्र, चपलांचं कपाट आणि सोफ्याचं बूड, अशा पाच दिशांनी ढोल, कर्णे आणि दोनशे माणसांचं समूहगान एका क्षणात खोलीत घुसलं. काकू होत्या तिथेच परत बसल्या, आणि सोफा खालून थरथरत होता म्हणून लगेच उठल्या. शिवणयंत्राचं चाक आपोआप फिरू लागलं. पडद्यावर एक डोंगर आला, डोंगरावर सूर्य आला, आणि एक धीरगंभीर पुरुषी आवाज, जो तिसऱ्या गल्लीतही ऐकू गेला असं नंतर कळलं, म्हणाला:

"झिव्होरा म्हणजे काय?"

सर खुर्चीतून उठले. कान झाकायचे सोडून त्यांनी हात पुढे केला, सगळ्यांनी थांबावं म्हणून. अखेर सांगतायत. एकवीस दिवसांनी.

"झिव्होरा," आवाज म्हणाला आणि ढोल क्षणभर थांबले, "म्हणजे तुम्ही."

मग ढोल पुन्हा सुरू झाले.

काकूंनी भिंतीतला प्लग ओढला. जी शांतता पसरली ती इतकी भरीव होती की हात लावला तर लागली असती. खालून टेलिफोनसाहेबांचा आवाज आला, "अर्थिंग झालं वाटतं."

नातीच्या डोळ्यांत पाणी होतं, भीतीने की हसण्याने ते तिलाही ठरवता येत नव्हतं. बोटाच्या टोकाला स्टिकर तसाच चिकटलेला. सरांनी त्या बोटाकडे बघितलं. मग काळ्या चौकोनाकडे. मग रिमोटकडे. आणि तीन आठवड्यांत वाकलेली त्यांची पाठ हळूहळू सरळ होऊ लागली.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो," ते म्हणाले. "प्लग लाव गं."

"अहो, नको."

"विज्ञान आहे. लाव."

साहेबांनी फिरवलेली बटणं थोडी मागे घेऊन प्रयोग रीतसर झाला. स्टिकर चौकोनावर ठेवला, बटण दाबलं, शांतता. स्टिकर काढला, दाबलं, ढोल. ठेवला, शांतता. तीनदा ठेवला, तीनदा काढला. रिमोटचा इशारा त्या काळ्या चौकोनातूनच आत शिरत होता. तिसऱ्या वेळेला साहेब वर आले होते, त्यांनाही साक्षीला बसवलं. शेवटी सरांनी स्टिकर पेन्सिलच्या जुन्या खुणांवर नेमका टेकवला, पोस्टकार्ड मागवलं, आणि मधून कडेकडे हवा काढत कायमचा बसवला.

"आता लिही," ते नातीला म्हणाले. पाच वाक्यांची गरज नव्हती. अर्धंसुद्धा पुरलं. नातीने रिकाम्या चौकोनात वळणदार अक्षरात लिहिलं: "काम: यंत्राला गप्प बसवणे."

त्या दिवशी सर पोटभर जेवले. कपाट बोळातून आत आलं.

पुढच्या रविवारी नात आली ती पाय घासत. तिने वही उघडून आजोबांपुढे धरली. नऊ वस्तूंपुढे बरोबरची खूण होती. दहाव्या वस्तूपुढे लाल शाईत फुली, आणि बाईंच्या अक्षरात: "चूक. स्टिकरचे काम कंपनीची माहिती देणे हे आहे."

सरांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा वाचलं. दुसऱ्या शिक्षकाच्या शेऱ्याखाली आपण कधी लिहायचं नाही, हाही त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा नियम होता. मग त्यांनी काकूंकडे लाल नव्हे, निळं पेन मागितलं, आणि शेऱ्याखाली आदराने, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं:

"आदरणीय बाईंस, सविनय कळविण्यात येते की उत्तर प्रयोगाने सिद्ध झालेले आहे. प्रयोग आमच्या घरी दर रविवारी अकरा वाजता करून दाखवला जाईल. कृपया येताना कानात घालायला कापूस आणावा."